शहाबादी आणि कोटा फरशी: कोटिंग लावावं की सीलर?

फरशीचं पॉलिश झालं की पॉलिशवाला विचारतोच, "वरून काय मारायचं?" ॲक्रिलिकचं चकचकीत कोटिंग, की दगडात मुरणारा सीलर? आमच्या तळमजल्यावरच्या घरात हॉलला कोटिंग आहे आणि स्वयंपाकघराला सीलर. त्यामुळे दोन्हींबरोबर राहून झालं आहे.

दिसायला कोटिंग सरस, यात वाद नाही. राखाडी शहाबादी ओली असताना दिसते तशी गडद राहते, कोट्याचा हिरवट रंग खुलतो. सीलरने रूप फारसं बदलत नाही. पैसे कुठे गेले ते आल्यागेल्याला कळतही नाही.

आंबटाच्या बाबतीतही कोटिंग पुढे. शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यातलं, कोटा राजस्थानातलं, पण दोन्ही मुळात चुनखडीचे दगड. लिंबू, चिंच किंवा कोकम सांडून तसंच राहिलं की पॉलिश खाल्लं जातं आणि फिकट, निस्तेज ठसा उरतो. तो घासून जात नाही, तेवढ्या भागाला पुन्हा पॉलिशच लागतं. सीलर हे थांबवत नाही, दुकानदार काहीही सांगो. कोटिंगचा थर शाबूत आहे तोवर आंबट दगडापर्यंत पोहोचत नाही.

पण तो थर शाबूत राहायला हवा, आणि पावसाळ्यात माझं मत तिथेच फिरलं. तळमजल्याच्या फरशीतून जमिनीची ओल वर येते. वाट बंद असली की ती थराखालीच अडकते. आधी उंबऱ्यापाशी दुधाळ ढग दिसू लागले, मग कडा सुटल्या. नखाने उचललं तर पातळ पापुद्रा हातात आला आणि खाली क्षारांची पांढरी भुकटी. तेवढ्याच जागी पुन्हा कोटिंग मारलं तर ठिगळ लांबून ओळखू येतं. नीट करायचं तर खोलीतलं सगळं सामान हलवून अख्खा थर उतरवावा लागतो. एकदा लावलेल्या गोष्टीसाठी दर काही वर्षांनी एवढा व्याप करणं मला तरी झेपणारं नाही.

स्वयंपाकघरात तोच पाऊस, तीच ओल. सीलरमधून वाफ निघून जाते. कधी क्षार वर आलेच तर कोरड्या ब्रशने निघतात. फोडणीचं तेल सांडलं तर लगेच टिपलं की खूण राहत नाही. हळद मात्र रेंगाळू देऊ नये.

वरचा मजला असेल, ओल नसेल, खुर्च्यांची ओढाओढ कमी असेल, तर कोटिंगही चांगलं टिकत असावं. कोकणातलं घर, जुना वाडा किंवा तळमजला असेल तर मी सीलरच म्हणेन. डब्यावर सिलेन-सिलोक्सेन (दगडात मुरून पाणी अडवणारी रसायनं) लिहिलेलं बघा. काम पावसाळ्यात नको; दिवाळीनंतर, फरशी आतून वाळल्यावर करा. जास्तीचा सीलर वाळायच्या आत सुक्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर वर चिकट थर बसतो.

दोन्हींत ॲसिड आणि टॉयलेट क्लीनर फरशीपासून दूर ठेवा, सौम्य लिक्विड सोप पुरतो. अधूनमधून पाण्याचे चार थेंब टाकून थोडा वेळ बघा. थेंबाखालची फरशी काळपट पडली, तर सीलरचा पुढचा हात द्यायची वेळ झाली.