'1641 डिपॉझिशन्स' : नऊ महिन्यांच्या वापरानंतर, सासरच्या पाद्र्याच्या शोधात

माझं सासर आयर्लंडचं. लग्न होऊन डब्लिनला आले तेव्हापासून घरात एकच गोष्ट ऐकत आले आहे. आमचा मूळपुरुष कॅव्हन काउंटीतला प्रोटेस्टंट पाद्री, 1641च्या उठावात बायकापोरांसह नेसत्या वस्त्रानिशी डब्लिनला पळून आला. त्याचं नाव घरात ठाऊक होतं, गावाचं नाव अर्धवट, पुढचं काहीच नाही. सासूबाईंना पंचाहत्तरावं लागलं तेव्हा मी त्यांना शब्द दिला की या वर्षात मी हे शोधून काढते. सबंध शोध लागला नाही. पण जेवढा लागला तो मुख्यतः एका साइटमुळे, ट्रिनिटी कॉलेज डब्लिनच्या '1641 डिपॉझिशन्स' (म्हणजे 1641च्या जबान्या) या साइटमुळे. असा शोध घेणाऱ्या कुणालाही उपयोग होईल म्हणून नऊ महिन्यांचा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

साइटवर काय आहे ते आधी सांगते. ऑक्टोबर 1641 मध्ये अल्स्टर या आयर्लंडच्या उत्तरेकडच्या प्रांतात कॅथलिक आयरिशांचा उठाव झाला. 1609 पासून त्यांच्या जमिनी काढून इंग्लंड-स्कॉटलंडच्या वसाहतवाल्यांना दिल्या जात होत्या, तो राग त्यामागे होता. पळून आलेल्या प्रोटेस्टंटांच्या जबान्या घ्यायला डिसेंबरात आठ पाद्र्यांचं मंडळ नेमलं गेलं. प्रमुख होते किलमोरचे डीन (बिशपखालोखालचे वरिष्ठ पाद्री) हेन्री जोन्स. या आणि पुढच्या वर्षांतल्या मिळून सुमारे 8,000 जबान्या, 31 खंड, 19,000 पानं. मूळ पानाचा फोटो आणि त्याचं टाइप केलेलं अक्षरशः वाचन, दोन्ही समोर येतं. नाव, काउंटी, मजकुरातला शब्द, कशावरूनही शोधता येतं. पैसे लागत नाहीत.

आता हीच साइट का, पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या) नोंदवह्या का नाहीत? कारण त्या जळल्या. चर्च ऑफ आयर्लंड हे प्रोटेस्टंट चर्च 1870 अखेरपर्यंत सरकारी चर्च होतं, म्हणून त्याच्या बाप्तिस्मा-लग्न-मृत्यूच्या वह्या सरकारी कागद ठरल्या आणि हजाराच्या आसपास पॅरिशांच्या वह्या डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या दफ्तरखान्यात गेल्या. 30 जून 1922 रोजी यादवी युद्धात तो दफ्तरखाना स्फोटात आणि आगीत गेला. मृत्युपत्रं गेली, जनगणनेचे कागद गेले. जबान्या वाचल्या, कारण क्लॉगरचे बिशप जॉन स्टर्न यांनी 1741 मध्येच त्या ट्रिनिटीच्या ग्रंथालयाला देऊन टाकल्या होत्या. प्रोटेस्टंट घराण्यांचे कागद सगळ्यात व्यवस्थित ठेवलेले होते, आणि व्यवस्थित एका जागी होते म्हणूनच गेले, ही गोष्ट मला अजून चटका लावते.

पहिले तीन आठवडे मला काहीही सापडलं नाही. आडनावाच्या चार-पाच रूपांनी शोधलं. कॅव्हनच्या यादीत त्याच आडनावाचा एक माणूस दिसत होता, पण त्याच्या नावापुढे 'क्लर्क' लिहिलेलं. मी त्याला कचेरीतला कारकून समजून बाजूला ठेवलं. पुढे ग्रंथालयातल्या एका बाईंनी सहज सांगितलं की त्या काळी क्लर्क म्हणजे पाद्रीच, लॅटिन 'क्लेरिकस'वरून. त्या रात्री परत उघडलं तर तोच आमचा माणूस होता! तीन आठवडे तो समोर बसून होता आणि मी त्याला ओळखलं नव्हतं.

त्याची जबानी दोन पानांची आहे. आधी नाव, पॅरिश, काउंटी, शपथ. मग नुकसान: गाई, घोडे, खळ्यातलं धान्य, गवताच्या गंजी, घरातलं सामान, पुस्तकं, आणि बुडालेलं दशमांशाचं (चर्चला मिळणाऱ्या पिकाच्या दहाव्या हिश्श्याचं) उत्पन्न. मी पुण्यात मोडीचा वर्ग केला होता, तिथे वतनाच्या भांडणातले करीने (पक्षकारांनी लिहून दिलेल्या हकिकती) वाचले होते. 'आमचे वडील अमुक, त्यांस पुत्र दोघे' असं त्यात घराणं आपोआप येतं, कारण हक्क सांगायचा असतो. इथे हक्क सांगायचा नसून नुकसान सांगायचं आहे, पण माणसं तशीच बाहेर येतात. मला सगळ्यात कामाचा भाग ठरला येणं असलेल्या कर्जांचा. पाद्री लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांना पैसे उसने देत आणि आता ते बुडाले म्हणून ऋणकोंची नावं देत. आमच्या पाद्र्याच्या यादीत इंग्रज नावं आहेत, आयरिशही आहेत. त्यांतला एक जण त्यानं 'माझा भाऊ' म्हणून लिहिला आहे, पण आडनाव वेगळं. त्या काळी 'भाऊ' म्हणजे मेहुणाही असे, 'जावई' म्हणजे कधी सावत्र मुलगाही असे, आणि 'कझिन' तर कुठल्याही नातलगाला म्हणत. हे कळल्यावर ते दुसरं आडनाव घेऊन शोधलं आणि एका विधवेची जबानी निघाली.

ती जबानी मी सासूबाईंना त्यांच्या स्वयंपाकघरात बसून वाचून दाखवली. बाईनं नवरा कसा गेला ते सांगितलं आहे, दोन मुलं थंडीत वाटेवर दगावली ते सांगितलं आहे, आणि डब्लिनला आल्यावर आपण 'बहिणीकडे' राहिलो असं सांगताना त्या बहिणीचं नाव घेतलं आहे. ती आमच्या पाद्र्याची बायको. नवऱ्याच्या दोन पानांत तिचा उल्लेख फक्त 'त्याची पत्नी' एवढाच होता, तिचं नाव मिळालं ते बहिणीच्या दुःखातून. खाली सही नाही, शाईची एक वाकडी फुली आहे. फोटो मोठा करून पाहिला तर फुलीची दुसरी रेघ पहिलीपेक्षा फिकट आहे, टाक मधेच सुकला असावा. सासूबाई त्या फुलीवर बोट ठेवून बराच वेळ गप्प होत्या. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे: पाद्री शोधत असाल तर पाद्र्याच्याच जबानीवर थांबू नका, त्याच्या पॅरिशमधल्या सगळ्या बायकांच्या जबान्या वाचा. पाद्री त्याच्या पदामुळे कागदावर येतो, त्याचं घर मात्र आजूबाजूच्या बायकांच्या तोंडून कळतं.

सरावासाठी मी एक माहितीतलं घराणं घेतलं, ते फार उपयोगी पडलं. कॅव्हनमधल्या बॅलीहेजचे पाद्री फेथफुल टेट यांनी उठावाची बातमी सरकारला पोचवली, त्यांचं घर जाळलं गेलं, आणि पुढे ते ट्रिनिटीचे काही काळ प्रभारी प्रोव्होस्ट (कॉलेजचे प्रमुख) झाले. त्यांचा मुलगाही फेथफुल, तोही पाद्री, शिवाय कवी. नातू नेहम टेट 1692 मध्ये इंग्लंडचा राजकवी झाला. आता गंमत अशी, की बऱ्याच ठिकाणी आजोबा आणि वडील यांचा एकच माणूस करून टाकलेला आढळतो. पण कवी मुलगा 1620च्या दशकात जन्मलेला, 1641 मध्ये पोरगेला. त्याच्याकडे पॅरिश कशी असेल? आणि नेहम 1652चा. एवढा साधा हिशेब मांडला की दोन पिढ्या सुट्या होतात. आपल्याकडे आजोबाचं नाव नातवाला देतात, तेव्हा एकाच घरात एकाच नावाची दोन माणसं असण्याचा हा घोळ मराठी माणसाला पटकन कळावा. आडनावाचंही तसंच, घराणं आधी टी-ई-ए-टी-ई लिहायचं, नेहमनं टी-ए-टी-ई केलं. एकाच स्पेलिंगला धरून बसलात तर नातू सापडेल, आजोबा हरवेल.

तारखांचं नीट समजून घ्या, इथे मी दोनदा चुकले. तेव्हा तिथे नवं वर्ष 25 मार्चला लागायचं. किलमोरचे बिशप विल्यम बेडल, ज्यांनी बायबलचा जुना करार आयरिश भाषेत आणवला, ते 7 फेब्रुवारीला वारले. त्या काळच्या कागदात ते साल 1641, आपल्या हिशेबानं 1642. 1 जानेवारी ते 24 मार्चची प्रत्येक तारीख वहीत दोन्ही सालांनी लिहायची सवय लावून घ्या. मला जबानीच्या आधी मेलेला साक्षीदार दिसायला लागला होता तो यामुळेच.

जबान्या खऱ्या किती? हा प्रश्न टाळू नये. ऐकीव माहिती यांत भरपूर आहे, 'विश्वासू माणसाकडून कळलं' असं म्हणून पुढे भयंकर आकडे येतात. टायननचे पाद्री रॉबर्ट मॅक्सवेल यांच्या 1642च्या जबानीत 1,54,000 माणसं मारल्याचा आकडा आहे, आणि तो अशक्य आहे. पुढे याच कागदांच्या आधारानं कॅथलिकांवर खटले चालले, जमिनी गेल्या. आयरिश शेजाऱ्यांची बाजू यात फार थोडी आहे. म्हणून मी नियम केला: माणसानं स्वतःच्या घराबद्दल, गुराढोरांबद्दल, नातलगांबद्दल सांगितलेलं घ्यायचं, आणि लांबच्या गावात काय झालं ते सोडून द्यायचं. कॅव्हनमधल्या व्हर्जिनियाचे पाद्री जॉर्ज क्रायटन यांची 1643ची लांबलचक जबानी मात्र सबंध वाचा. ती एका सुरातली नाही, माणसं त्यात माणसांसारखी वागतात.

टाइप केलेल्या वाचनावर विसंबून चालेल का? शोधण्यासाठी हो. कारकुनानं खोडलेल्या ओळीसुद्धा त्यात दाखवल्या आहेत, ही मोठी सोय. पण नावापुरता फोटो पाहाच. सुरुवातीला दोन 'एफ' म्हणजे एक मोठा 'एफ', 'यू' आणि 'व्ही' एकमेकांच्या जागी. मोडी वाचलेल्याला हे हात बसायला महिनाभर पुरतो.

बाकीची साधनं थोडक्यात. पाद्र्याची नेमणूक, पदवी, बदली यांसाठी कॅनन जेम्स लेस्ली यांच्या धर्मप्रांतवार पाद्र्यांच्या याद्या, आणि डब्लिनच्या चर्चटाउनमधलं आरसीबी ग्रंथालय, म्हणजे चर्च ऑफ आयर्लंडचं ग्रंथालय. तिथली शांतता आणि तिथली मदत दोन्ही मनापासून आवडली. 1615, 1622 आणि 1634च्या धर्मप्रांत-तपासण्यांमध्ये कुठल्या पॅरिशला कोण होतं ते मिळतं. ट्रिनिटीच्या विद्यार्थ्यांच्या प्रवेशनोंदी 1637-38 पासून आहेत, त्यात वडिलांचं नाव आणि व्यवसाय येतो, पाद्र्याची मुलं तिथे हमखास शोधावीत. विल्यम पेटीच्या 1656-58च्या डाउन सर्व्हेचे नकाशे फुकट पाहता येतात, पण ती मोजणी मुख्यतः जप्तीच्या जमिनींची, प्रोटेस्टंटांच्या जमिनीचा तपशील कमीच. 1659ची म्हणून जी 'जनगणना' छापली आहे तिच्यात कॅव्हनच नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर एक पूर्ण रविवार वाचला असता. जळालेल्या दफ्तराच्या नकला जमवणारी 'व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी' 2022 पासून खुली आहे, तिच्यात नवं येत राहतं, तेव्हा दर दोन महिन्यांनी तोच शोध पुन्हा टाकावा.

एका पैसे घेणाऱ्या वंशावळीच्या साइटबद्दल मात्र तक्रार आहे. नाव घेत नाही. सहा महिन्यांचे पैसे भरले, तिथे आमच्या पाद्र्याचं तयार झाड मिळालं, थेट एका इंग्रज सरदारापर्यंत नेलेलं. आधार म्हणून दुसऱ्या कुणाचं झाड, त्याला आधार तिसऱ्याचं. त्या झाडात पाद्र्याच्या बायकोचं नावच वेगळं होतं. विधवेची जबानी हाती नसती तर मी तेच घरात सांगितलं असतं, आणि सासूबाईंनी ते कौटुंबिक बायबलच्या मागच्या पानावर लिहिलंही असतं.

आज कुठे अडले आहे ते सांगते. पाद्री, त्याची बायको, मेहुणी आणि 1660च्या दशकातला एक मुलगा इथपर्यंत पक्कं झालं आहे. दुसऱ्या टोकाला, 1708 मध्ये सुरू झालेल्या रजिस्ट्री ऑफ डीड्समध्ये (जमिनीच्या दस्तांच्या नोंदणीत) याच आडनावाचा, नावापुढे 'क्लर्क' असलेला एक माणूस 1720च्या दशकात भाडेपट्ट्यावर सापडला आहे. मधल्या दोन पिढ्या रिकाम्या आहेत. मृत्युपत्रं जळली तरी सर विल्यम बेथम यांनी त्याच्या सुमारे शंभर वर्षं आधीच त्यांतल्या महत्त्वाच्या मृत्युपत्रांमधली नातीगोती वह्यांत टिपून ठेवली होती, त्या वह्या आता घेते आहे. आडनावाची सात रूपं कागदावर काढली आहेत. आणि या वेळी प्रत्येक नोंदीचा हस्तलिखित क्रमांक आणि पान क्रमांक पहिल्याच दिवशी लिहून ठेवते आहे, कॅव्हनच्या जबान्या 832 आणि 833 क्रमांकांत आहेत एवढंच लक्षात ठेवून भागत नाही. त्या विधवेचं पान मला दुसऱ्यांदा शोधायला चार दिवस लागले होते.