वापरलेली लष्करी स्लीपिंग बॅग: लेबल काय सांगतं आणि जाडी काय सांगते

अमेरिकन सैन्याचा मॉड्युलर स्लीप सिस्टम हा वापरलेल्या लष्करी मालात सर्वात जास्त दिसणारा संच. बरेच महिने वापरल्यावर त्याबद्दलचं मत असं: रचना उत्तम, वजन फार, आणि ऊब किती मिळेल हे ती बॅग आधीच्या मालकाने कशी ठेवली यावरच जास्त अवलंबून. एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या दोन बॅगांमध्ये दहा-बारा अंशांचा फरक सहज पडतो.

पूर्ण संचात चार वस्तू असतात. हिरवी पातळ पॅट्रोल (गस्तीची) बॅग, काळी जाड इंटरमीडिएट (मधल्या थंडीची) बॅग, बॅगेवर चढवायचं गोअर-टेक्सचं, म्हणजे पाणी अडवून वाफ बाहेर सोडणाऱ्या कापडाचं, बिव्ही कव्हर आणि आवळायच्या पट्ट्यांची पिशवी. जुन्या संचाचं कव्हर वुडलँड छापाचं (हिरव्या-तपकिरी डागांच्या लष्करी नक्षीचं) असतं. नंतरच्या संचात कव्हर डिजिटल छापाचं (बारीक चौकोनांच्या नक्षीचं), पॅट्रोल बॅग करड्या-हिरव्या रंगाची आणि इंटरमीडिएट राखाडी. सगळ्याचं मिळून वजन साडेचार किलोच्या आसपास जातं. पाठीवर न्यायची असेल तर हा आकडा आधी पचवायला हवा. थंडी जास्त असेल तेव्हा काळी बॅग आत आणि हिरवी बाहेर, टिचबटणं जुळवून, आणि दोन्ही कव्हरमध्ये. सौम्य थंडीत हिरवी एकटी पुरते. ही मुभा खरोखर उपयोगी आहे, आणि याच एका कारणासाठी वजन सोसावंसं वाटतं.

ओळख पटवायची ती लेबलवरून, विकणाऱ्याच्या वर्णनावरून नाही. तेरा अंकी नाटो स्टॉक नंबर, म्हणजे नाटो देशांच्या लष्करी मालाचा क्रमांक, शोधा. पहिले चार अंक ८४६५ असतील तर तो वैयक्तिक साहित्याचा गट. त्यापुढचे दोन अंक देशाचे: ०० किंवा ०१ अमेरिका, ९९ ब्रिटन, १२ जर्मनी, २१ कॅनडा. अमेरिकन लेबलवर करार क्रमांकही असतो आणि त्यात कार्यालयाच्या संकेतानंतर येणारे दोन अंक म्हणजे कराराचं आर्थिक वर्ष. डीएलए१००-८७-सी असं काही दिसलं तर करार १९८७चा. लेबलच नसेल, किंवा त्यावर नुसतं ‘मिलिटरी स्टाइल’ लिहिलं असेल, तर ती बाजारातली नक्कल समजून भाव करा. नक्कल वाईटच असते असं नाही, पण तिला लष्करी आकडे लावायचे नाहीत.

त्याआधीच्या पिढीच्या हिरव्या ममी बॅगांमध्ये (पायांकडे निमुळत्या, डोक्यावर हूड असलेल्या) गोंधळ जास्त होतो. इंटरमीडिएट कोल्ड वेदर आणि एक्स्ट्रीम कोल्ड वेदर या दोन बॅगा घडी घालून ठेवल्या तर सारख्याच वाटतात. फरक लेबलच्या पहिल्या ओळीत. एम-१९४९ ही त्याहून जुनी, पिसं आणि डाऊन (पक्ष्यांची मऊ लव) भरलेली. ब्रिटिशांची ५८ पॅटर्नसुद्धा पिसांची, तर नंतरची आर्क्टिक बॅग कृत्रिम तंतूंची.

भराव कशाचा आहे याची शंका असेल तर कापड चिमटीत धरून चोळा. पिसांचे दांडे बोटाला टोचतात. पॉलिएस्टरची चादर सलग आणि मऊ लागते. एखादं टोक आधीच उसवलेलं असेल तर तिथून दोन तंतू काढून बॅगेपासून लांब नेऊन पेटवा. पॉलिएस्टर वितळून कडक काळा मणी होतो. पिसाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरगळते.

आता तापमानाचं. हिरव्या बॅगेसाठी साधारण २ ते १० अंश सेल्सिअस, काळीसाठी उणे २३ पर्यंत आणि सगळं मिळून उणे ३४ पर्यंत असे आकडे सांगितले जातात. हे आकडे अंगात थर्मल कपडे, खाली मॅट आणि निरोगी तरुण सैनिक गृहीत धरतात. दुकानातल्या बॅगांवरचे ‘कम्फर्ट’ आणि ‘लिमिट’ हे तापमानाचे आकडे ज्या मानकातून येतात, ते आधी ईएन १३५३७ आणि नंतर आयएसओ २३५३७, मुळात लष्करी बॅगांसाठी नाहीच. त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा जाडी मोजा. ऊब देते ती तंतूंत अडकलेली स्थिर हवा, आणि तिचा अंदाज जाडीवरून चांगला येतो. बॅग पिशवीतून काढून झटका, कोरड्या खोलीत एक दिवस पसरून ठेवा, चेन लावा. छातीवर हलका पुठ्ठा ठेवून जमिनीपासून पुठ्ठ्यापर्यंतची उंची पट्टीने घ्या आणि निम्मी करा. असंच कंबरेपाशी आणि पायांपाशी. झोपलेल्या माणसासाठी अमेरिकन सैन्याच्या जुन्या कोष्टकात एका बाजूची एकूण जाडी अशी दिली जाते: ४ अंशांना ३.८ सेंटिमीटर, उणे ७ ला ५, उणे १८ ला ६.४, उणे २९ ला ७.६. यात अंगावरच्या कपड्यांची जाडीही धरायची. म्हणजे उणे २३ साठी एका बाजूला सुमारे ७ सेंटिमीटर हवेत. वापरलेली काळी बॅग एकटी तेवढी भरत नाही. उरलेली तूट कपड्यांनी किंवा हिरव्या बॅगेने भरून काढावी लागते. दोन बॅगा एकात एक घातल्यावर पुन्हा मोजा. बाहेरची तंग असेल तर आतली दबते आणि जाडी बेरजेइतकी येत नाही.

तीन जागी मोजण्याचं कारण हे की बॅग सगळीकडे सारखी मरत नाही. आधी खांदे, कंबर आणि पाठीचा भाग चपटा होतो, पायांकडचा फुगीर राहतो, आणि विक्रेता फोटो नेमका पायांकडूनच काढतो. फिक्या कापडाच्या बॅगेत आत दिवा धरला की विरळ झालेल्या जागा उजळ दिसतात. काळ्या कापडातून उजेड येत नाही. तिथे दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरून शिवणीलगत सरकत जावं. नुसतं कापडच हाताला लागलं तर भराव शिवणीतून सुटून खाली घसरलेला आहे. ते दुरुस्त होतं, पण बॅग उसवून.

वजनावरून मॉडेल ओळखता येतं, तब्येत नाही. पॉलिएस्टरचे तंतू वर्षानुवर्षं आवळलेल्या पिशवीत राहून मोडतात, त्यांचे वळसे जातात, पण ग्रॅम तेवढेच राहतात. पिसांच्या बॅगेचं वजन मात्र जास्त भरलं तर ओल किंवा घाम-मळ आत आहे. इथेच खरेदीचा निर्णय ठरतो. चपटी पिसांची बॅग नीट धुऊन, मंद आचेच्या ड्रायरमध्ये टेनिस बॉल टाकून गाठी पूर्ण सुटेपर्यंत सुकवली तर पुष्कळदा उठते. चपटी पॉलिएस्टरची बॅग धुतल्याने स्वच्छ होते, जाड होत नाही. एका बाजूला ३ सेंटिमीटरही न भरणारी काळी बॅग स्वस्तात मिळाली तरी आम्ही घेणार नाही. तेवढ्या उबेसाठी हिरवी बॅग हलकी पडते.

धुताना ब्लीच नको, फॅब्रिक सॉफ्टनर नको, ड्रायक्लीनिंग नको. ओली बॅग एका टोकाला धरून उचलली तर आतल्या शिवणी वजनाने फाटतात. दोन्ही हातांनी तळातून उचला. बुरशीचे करडे ठिपके आणि कुबट वास असेल तर धुऊन वास जाईल, ठिपके बहुधा राहतील.

चेन पूर्ण लांबी दोनदा चालवून पाहा, त्यामागची वाऱ्याची पट्टी चपटी झाली आहे का तेही बघा. हूडची दोरी आवळल्यावर फक्त नाक-तोंड उघडं राहायला हवं. तिथून जाणारी ऊब भरावाच्या जाडीने भरून येत नाही.

बिव्ही कव्हर वेगळं तपासा. आतून शिवणींवरची टेप नखाने उचलून बघा. आतला पांढरट थर सुटून पापुद्रे पडत असतील तर ते कव्हर वारा अडवेल, पाऊस नाही. शंका असेल तर आतल्या बाजूला कोरडा टिश्यू ठेवून वरून कपभर पाणी ओता, तळवा दाबून पंधरा मिनिटं थांबा. टिश्यू ओला झाला तर कव्हर गळतं. कव्हर चांगलं असलं तरी कडक थंडीत घामाची वाफ त्याच्या आतल्या बाजूला गोठते आणि सलग काही रात्री गेल्या की बॅगेची वरची बाजू ओलसर, चपटी होते. सकाळी दोन्ही बॅगा कव्हरमधून काढून उलट्या करून वाळवल्या नाहीत, तर तिसऱ्या-चौथ्या रात्री तीच बॅग लक्षात येण्याइतकी थंड लागते.