व्हिसा खरा, बुकिंग खरं, पैसे मात्र गेले

इटलीच्या सहलीसाठी भरलेले आमचे पैसे सल्लागाराने बुडवले. हा प्रकार ऐकला की लोक पहिला प्रश्न विचारतात, "कागद तपासले नव्हते का?" तपासले होते. हॉटेलं खरी, तारखा खऱ्या, बुकिंग क्रमांक खरे. क्रमांक टाकला की वेबसाइटवर आमची नावं उघडायची. बनावट पावत्यांपासून सावध राहा, असं सगळेच सांगतात. आमच्या हातातल्या पावत्या बहुतेक अस्सल होत्या, म्हणून तर हे लिहायला बसले.

जून 2025 मध्ये आम्ही चौघं इटलीला जाणार होतो. मी, हे, धाकटे दीर आणि जाऊबाई. झेंड्यामागे धावायचं नाही, सोबत महाराज आणि रात्री वरणभात हा प्रकार नको, असं आमचं आधीच ठरलं होतं. मिलान, मग कोमो सरोवर, मोदेना-पार्माकडचं खाणंपिणं, तोस्कानामध्ये पिएन्झाजवळ एका शेतघरात मुक्काम आणि शेवटी रोम. आयुष्यात एकदाच करायचं तर नीट करू, म्हणून एका जोडप्याला साडेसहा लाख हा आकडा मान्य केला. आखणी करून देणारा सल्लागार नाशिकचाच, ओळखीतून आलेला, बोलायला अत्यंत गोड. त्याने पाठवलेल्या कार्यक्रमात कुठल्या दिवशी कोणत्या टेकडीवरून सूर्यास्त बघायचा हेसुद्धा लिहिलेलं होतं.

आता त्याची युक्ती सांगते. इटलीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी राहायची सोय, परतीच्या विमानाचं आरक्षण आणि किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा दाखवावा लागतो. ह्याने हॉटेलं बुक केली ती सगळी मोफत रद्द करता येणारी आणि पैसे मुक्कामाच्या वेळी द्यायची. म्हणजे खिशातून एक पैसाही न घालता आमच्या नावाची पुष्टिपत्रं त्याच्या हातात आली. त्यावर रीतसर व्हिसा मिळाला. पासपोर्टात चिकटलेला व्हिसा बघितल्यावर शंका कोण घेणार? तो दाखवूनच त्याने शेवटचा, सगळ्यात मोठा हप्ता मागितला. पैसे जमा झाले आणि पुढच्या काही दिवसांत बुकिंगं एकेक करून रद्द झाली. आम्हाला कळलं नाही, कारण बुकिंगं त्याच्या ईमेलवरून केलेली होती. रद्द झाल्याची सूचना त्यालाच जाते. प्रवाशाचं नाव आपलं असलं तरी बुकिंगचा मालक तोच, ज्याचा ईमेल.

विमानाचंही तेच. पीएनआर, म्हणजे आरक्षणाचा क्रमांक, खरा होता, पण तो नुसत्या होल्डचा, पैसे न भरता जागा धरून ठेवल्याचा. तिकीट खरोखर काढलं असेल तर त्यावर तेरा आकडी ई-तिकीट क्रमांक असतो. पीएनआर आहे आणि हा क्रमांक नाही, तर विमान कंपनीला पैसे पोचलेले नाहीत.

घाई करायला त्याला इटलीनेच कारण पुरवलं. 2025 हे रोमन कॅथलिकांचं जुबिली, म्हणजे यात्रेचं पवित्र वर्ष होतं, रोममध्ये जगभरातून यात्रेकरू येणार होते. "वहिनी, आज भरले नाहीत तर उद्या रूमचा रेट दीडपट," असा फोन यायचा. यात जुबिली खरी, गर्दीही खरी. निम्मं खरं सांगून उरलेलं खपवण्यात हा माणूस तरबेज होता.

आणि मग टीसीएस, म्हणजे खरेदीच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा आयकर. परदेशी सहलीच्या पॅकेजवर विकणाऱ्याने तो गोळा करायचा असतो. त्या वेळी सात लाखांपर्यंत पाच टक्के दर होता. शिवाय पाच टक्के जीएसटी. पहिला हप्ता दिरांनी हट्टाने त्याच्या फर्मच्या नावावर, क्रेडिट कार्डाने भरला. पुढच्या हप्त्यांना हा म्हणाला, "भाऊ, माझ्या मिसेसच्या अकाउंटला टाका, दहा टक्के वाचवून देतो." उरलेल्या रकमेवर दहा टक्के वाचतात म्हटल्यावर कान टवकारतातच. पण टीसीएस हा खर्च नव्हेच. तो आपल्या पॅनवर जमा होतो, रिटर्न भरताना करात वळता होतो नाहीतर परत मिळतो. त्या वर्षीच्या फॉर्म 26एएस या कराच्या सरकारी नोंदपत्रात त्याची नोंद दिसते. तो वाचवून देतो म्हणणारा माणूस फक्त एवढंच करत असतो की आपले पैसे पॅकेजचे होते याचा सरकारी पुरावा तयारच होऊ देत नाही. पुढे पोलीस ठाण्यात "ही रक्कम उसनी घेतली होती" असं त्याने बिनदिक्कत सांगितलं ते याच बळावर.

कार्यक्रमपत्रिका आता पुन्हा वाचली की हसू येतं आणि संतापही. मिलानला सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या मठाच्या भोजनगृहातल्या भिंतीवर लिओनार्दोचं 'लास्ट सपर' हे चित्र आहे. तिथे आधी आरक्षण लागतं, तिकीट नावावर असतं, छोट्या गटाला आत सोडतात आणि पंधरा मिनिटांत बाहेर काढतात. आमच्या पत्रिकेत लिहिलं होतं, "11 ते 12.30, निवांत खासगी दर्शन." रोमच्या कोलोसियमची तिकिटंही 2023 पासून नावानिशी आहेत, दाराशी ओळखपत्र बघतात. आमच्या व्हाउचरवर नुसतं 'चार प्रौढ'. कोमोकाठी वारेन्नात सरोवराला लागून जो व्हिला दाखवला होता, त्याच्या पानावर नोंदणी क्रमांकच नव्हता. इटलीत 1 जानेवारी 2025 पासून पर्यटकांना भाड्याने द्यायच्या प्रत्येक घराच्या जाहिरातीत 'आयटी'ने सुरू होणारा राष्ट्रीय क्रमांक, म्हणजे सीआयएन, छापणं सक्तीचं आहे. तो व्हिला अस्तित्वातच नव्हता, हे आम्हाला मागाहून कळलं. सगळ्या कागदांत पूर्ण बनावट असा तो एकच.

ट्रफल म्हणजे मातीखाली उगवणारी सुवासिक, महागडी बुरशी. तिच्यावर तर मी एक प्रकरण लिहीन. माणशी तेवीस हजार लावून त्याने 'कुत्र्यांसोबत पांढऱ्या ट्रफलची शोधमोहीम' विकली होती. जूनमध्ये! पांढरं ट्रफल हे शरद-हिवाळ्यातलं पीक. इटलीतल्या आल्बा गावची प्रसिद्ध ट्रफलची जत्रा भरते तीसुद्धा शरदातच. उन्हाळ्यात मिळतं ते काळं, वासाला सौम्य आणि किमतीला कितीतरी कमी. जूनमध्ये कोणी पांढरं ट्रफल खाऊ घालतो म्हणाला, तर ताटात बहुधा काळ्याच्या चकत्या आणि वर कृत्रिम वासाचं ट्रफल तेल पडेल. मोदेनाच्या भेटीत तो आम्हाला पंचवीस वर्षं मुरवलेल्या पारंपरिक बाल्सामिको व्हिनेगरची अर्ध्या लिटरची बाटली देणार होता. खऱ्या पारंपरिक बाल्सामिकोची बाटली ठरलेल्या घाटाची आणि 100 मिलीचीच असते. इटालियन खाण्याची गंमत अशी की तिथे प्रत्येक गोष्टीला हंगाम, गाव आणि माप नेमून दिलेलं आहे. थापा मारणाऱ्याला ते माहीत नसतं आणि पहिल्यांदा जाणाऱ्यालाही नसतं.

भांडं फुटलं ते जाऊबाईंच्या काटेकोर शाकाहारामुळे. पार्मिजानो रेज्जानो या चीजमध्ये दूध विरजवायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, दुसरं चालतच नाही, हे त्यांच्या वाचनात आलं. पिएन्झा पेकोरिनो या मेंढीच्या दुधाच्या चीजसाठी नावाजलेलं. तिथल्या शेतघरात वनस्पतीने विरजवलेलं चीज मिळेल का, असा मेल मी थेट तिथल्या मालकीणबाईंना टाकला. उत्तर लगेच आलं. असं पेकोरिनो मिळेल, पण बाई, तुमचं बुकिंग मार्चमध्येच रद्द झालंय, ज्यांनी केलं होतं त्यांनीच रद्द केलं. मग त्याच रात्री मिलान आणि रोमच्या हॉटेलांना लिहिलं. तिथेही मार्चच.

सल्लागार आधी म्हणाला, सिस्टीममध्ये प्रॉब्लेम आहे. मग ईस्टर. 21 एप्रिलला पोप फ्रान्सिस गेले, तेव्हा म्हणाला, रोममधलं सगळं ठप्प आहे. मग 25 एप्रिल आणि 1 मे, दोन्ही तिकडच्या खऱ्याच राष्ट्रीय सुट्ट्या. कॅलेंडर हाताशी धरून त्याने आमच्या तोंडाला पानं पुसली, आणि मेच्या मध्यावर फोन बंद.

परत काय मिळालं ते सांगते. कार्डाने भरलेला पहिला हप्ता सेवा मिळाली नाही म्हणून बँकेत वाद नोंदवून सुटला. खात्यात टाकलेले पैसे अडकले. असे पैसे गेल्याचं लक्षात येताच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायचा. जितका लवकर तितकी समोरचं खातं गोठण्याची शक्यता जास्त. आमचे तेव्हा कधीच उपसले गेले होते. ठाण्यात "हे दिवाणी प्रकरण आहे" म्हणून बोळवण करायला बघतात. आमची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम 318खाली, म्हणजे फसवणुकीच्या कलमाखाली, घेतली गेली ती हॉटेलांच्या मेलमुळे, कारण त्यात रद्द केल्याची तारीख होती आणि ती शेवटच्या हप्त्याच्या लगेच नंतरची होती. हेतू दाखवायला तेवढं पुरलं. ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला शुल्क दोनशे रुपये. मध्यंतरी समेटाची भाषा करत त्याने एक चेक दिला, तो वटला नाही. बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते, ती आम्ही दिली आहे. फौजदारी तक्रार आणि ग्राहक आयोग, दोन्हीकडे तारखा पडताहेत.

तुमच्याकडे अशी पुष्टिपत्रं पडून असतील तर त्यावरची 'मोफत रद्द' ही ओळ आणि तिची मुदत आधी बघा. मग हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरून त्यांचा पत्ता काढून दोन ओळींचा मेल टाका, बुकिंग चालू आहे का आणि पैसे भरलेत का एवढंच विचारा. सल्लागाराने दिलेल्या नंबरवर विचारू नका. उन्हाळ्यात इटली आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. संध्याकाळी सातला लिहिलंत तर त्यांच्याकडे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात, रिसेप्शनवर माणूस असतो.