बिलात आठ जीबी, मशीनमध्ये दोन

अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याने स्टॉक आणि बिलिंगसाठी क्लाउडवर लिनक्स सर्व्हर घेतला. बिलावर ४ कोर, ८ जीबी रॅम, रोजचा बॅकअप. वर्षाचे पैसे आगाऊ. पाच जण एकदम लॉगिन झाले की सॉफ्टवेअर अडकायचं आणि सर्व्हर लावून देणाऱ्या सेटअपवाल्याचं उत्तर ठरलेलं: "साहेब, तुमचं नेट स्लो आहे."

आत शिरून 'फ्री -एच' ही मेमरी दाखवणारी कमांड मारली आणि पितळ उघडं पडलं. मेमच्या (खऱ्या रॅमच्या) ओळीत १.९, स्वॅपच्या (रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेच्या) ओळीत ६. डिस्कवर ६ जीबीची स्वॅप फाइल करून आठाची बेरीज जुळवली होती! डिस्क रॅमच्या तुलनेत फारच संथ, त्यामुळे लोड आला की मशीनचा वेळ नुसत्या ने-आणीत जातो. दर सेकंदाला ही ने-आण दाखवणारं 'व्हीएमस्टॅट १' चालवलं तर एसआय (स्वॅपमधून आत), एसओ (स्वॅपमध्ये बाहेर) हे कॉलम शून्यावर यायलाच तयार नव्हते. कोर मोजणाऱ्या 'एनप्रॉक'चं उत्तर १, बिलावर ४. खऱ्या ८ जीबीच्या मशीनवरही फ्री साधारण ७.६-७.७ दाखवतं, थोडी रॅम कर्नल (लिनक्सचा गाभा) राखून ठेवतो; तेवढ्यावरून कुणाशी भांडू नका.

बॅकअप रोज होत होता, पण त्याच डिस्कवर. डिस्क गेली की दोन्ही गेलं.

खरी मेख पुढे होती. क्लाउडचं अकाउंट आणि डोमेन, दोन्ही सेटअपवाल्याच्या ईमेलवर. नूतनीकरणाला त्याने दुप्पट मागितले. रूट (सर्व्हरच्या मुख्य युजरचा) पासवर्ड हातात असून उपयोग काय? क्लाउड अकाउंटचा कन्सोल (नियंत्रणाचं पान) ज्याच्याकडे, तो सर्व्हर एका क्लिकमध्ये बंद करतो. अकाउंट कंपनीच्या ईमेलवर, कंपनीच्या कार्डवर आणि ओटीपी मालकाच्या फोनवर हवा. काम करणाऱ्याला वेगळा, मर्यादित युजर द्यायचा.

असा माणूस सोडायचा तर वाद नंतर घाला. आधी डेटाबेसची प्रत 'मायएसक्यूएलडम्प' कमांडने, सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय लावून काढून ऑफिसच्या मशीनवर उतरवा आणि तिथे रिस्टोअर करून बघा. अपलोड केलेल्या फाइल्सचा फोल्डर हमखास राहतो, तोही घ्या. डोमेन आपल्या नावावर घेतल्याशिवाय सर्व्हर बदलून फायदा नाही. डोमेन कोणत्या सर्व्हरवर जातं ते सांगणाऱ्या डीएनएस नोंदीचा टीटीएल (जुना पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा तो आकडा) सर्व्हर बदलायच्या आदल्या दिवशी ३०० करा. जुना सर्व्हर साफ करत बसू नका, नवा उभारा: ऑथोराइज्ड-कीज या फाइलमध्ये उरलेली त्याची पासवर्डशिवाय लॉगिनची की, यूआयडी ० (म्हणजे रूटइतकेच अधिकार) असलेला दुसरा युजर, ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या क्रॉनमधली एखादी ओळ, कुठे कुठे शोधणार? आणि 'फ्री'च्या त्या उत्तराचा स्क्रीनशॉट तारखेसकट बिलाला लावून ठेवा.