दोघांपुरतं कॅसरोल: लहान भांडं, दोन वाट्या की निम्मं फ्रीझरमध्ये?

कॅसरोल म्हटल्यावर अन्न गरम ठेवणारा झाकणाचा डबा डोळ्यांसमोर आला असेल, तर तो नव्हे. मी बोलतेय ते ओव्हनमध्ये भांड्यासकट भाजलं जाणारं आणि भांड्यासकटच टेबलावर येणारं प्रकरण. आत मऊ पास्ता किंवा बटाटा, त्याला धरून ठेवणारा सॉस, वर वितळलेलं चीज आणि ब्रेडचा खरपूस चुरा. दमून घरी आल्यावर चमचा घेऊन नुसतं खात बसावं असं. भानगड एकच आहे: पाककृती नेहमी सहा-आठ माणसांची असते आणि खाणारे आम्ही दोघं.

माप एवढं मोठं असण्यात डबाबंद सूपचा मोठा हात आहे. कॅम्पबेल कंपनीने १९३४ मध्ये क्रीम ऑफ मशरूमचं घट्ट सूप डब्यात आणलं आणि १९५५ मध्ये तिथेच काम करणाऱ्या डॉर्कस रायली यांनी ते वापरून फरसबीचं कॅसरोल बेतलं. तसल्या कितीतरी पाककृती 'एक डबा सूप' या मापाभोवती उभ्या आहेत. माप कमी करायला गेलं की अर्धा उघडा डबा आठवडाभर फ्रिजमध्ये आपल्याकडे बघत बसतो. त्यामुळे दोघांसाठी करायचं तर डबा विसरा आणि पांढरा सॉस घरी करा. दहा मिनिटांचं काम आहे आणि हवा तेवढाच करता येतो.

एवढं ठरलं की खरे पर्याय तीन उरतात. लहान भांड्यात दोघांपुरतंच करायचं, दोन वेगवेगळ्या वाट्यांत करायचं, किंवा पूर्ण मापाने करून उरलेलं फ्रीझ करायचं. तिन्ही मी बऱ्याचदा केलेत आणि माझं मत पहिल्याकडे झुकतं. पण ते सगळ्यांना लागू पडेलच असं नाही.

लहान भांडं

पहिल्यांदा केलं तेव्हा माझा भागाकार चुकला नव्हता, भांडं चुकलं होतं. सगळं साहित्य व्यवस्थित तिसऱ्या हिश्श्यावर आणलं आणि मिश्रण सवयीने मोठ्या भांड्यात ओतलं. पंचवीस मिनिटांनी बाहेर आली ती एक चटई. कडा कडक, सॉस गायब, पास्त्याची टोकं करपून वर आलेली. चव वाईट नव्हती, पण ज्यासाठी केलं तो मऊपणाच नव्हता.

नंतर कागद घेऊन बसले. दोघांचं मिश्रण साधारण ९०० मिली भरतं. ३३ × २३ सेंटिमीटरच्या नेहमीच्या भांड्यात त्याचा थर जेमतेम सव्वा सेंटिमीटर होतो. २० × २० च्या चौकोनी भांड्यात सव्वादोन. २३ × १३ च्या लोफ पॅनमध्ये, म्हणजे ब्रेडच्या लांबट साच्यात, तीन. आणि १५ सेंटिमीटर व्यासाच्या गोल भांड्यात पाच. मोठ्या मापात थर चारेक सेंटिमीटरचा असतो, तेव्हा मूळ पदार्थाच्या जवळ जायचं तर शेवटच्या दोघांपैकी एक निवडावं लागतं. गंमत म्हणजे २० चा चौकोन आणि लोफ पॅन, दोन्हींत मावतं सारखंच, सुमारे आठ कप. नुसती क्षमता वाचून विकत घेणारा इथेच फसतो. दोघांसाठी किती मावतं यापेक्षा पसरल्यावर किती जाड होतं ते बघायचं.

लोफ पॅन की गोल, हा निव्वळ आवडीचा प्रश्न. लोफ पॅनमध्ये वरचा पृष्ठभाग जास्त मिळतो, म्हणजे चुऱ्याचा आणि चीजचा वाटा जास्त. गोल, खोलगट भांड्यात आतला ऐवज जास्त आणि रसरशीत. आमच्याकडे नवऱ्याला कडेचा करपट तुकडा हवा असतो, मला मधला. लोफ पॅनला चार कोपरे असतात, त्यामुळे तह होतो. घरात तेवढं एकच भांडं घ्यायचं असेल तर मी लोफ पॅनच सुचवेन. इतर वेळी त्यात ब्रेडही होतो.

वेळेबद्दल एक गैरसमज फार आहे: मिश्रण निम्मं तर वेळही निम्मा. तसं होत नाही. उष्णतेला किती जाडी ओलांडून मध्यापर्यंत पोचायचं आहे यावर वेळ ठरतो. भांडं किती लांब-रुंद आहे याला तितकं महत्त्व नाही. तीन सेंटिमीटरचा थर, सॉस गरम असतानाच भरला तर, १९० अंश सेल्सियसला वीस-पंचवीस मिनिटांत कडेने बुडबुडे काढू लागतो. पाच सेंटिमीटरला अर्ध्या तासाच्या पुढे जावं लागतं, आणि वरचं आधीच लाल होत असेल तर फॉइल टाकावी लागते. काचेचं भांडं असेल तर तापमान दहा-पंधरा अंश कमी ठेवा. काच सावकाश तापते, पण एकदा तापली की कडा सोडत नाही.

साहित्य कमी करताना दोन गोष्टी सरळ भागाकाराने जमत नाहीत. एक अंडं. अर्धं अंडं हवं असेल तर ते फेटून घ्या आणि त्यातलं २५ ग्रॅम, म्हणजे दोन टेबलस्पूनला जरा कमी, वापरा. दुसरा सॉस. लहान प्रमाणात दूध मोठ्या पातेल्यात उकळलं की वाफ भराभर जाते आणि सॉस बघता बघता गोळा होतो. लहान, जाड बुडाचं पातेलं घ्या आणि हिशेबापेक्षा दोन-तीन टेबलस्पून दूध जास्त धरा. भाजताना पास्ताही सॉस पितो. भरताना मिश्रण थोडं सैल वाटलं पाहिजे. तेव्हाच बरोबर वाटलं तर नंतर कोरडं होणार.

दोन वाट्या

दिसायला हे सगळ्यात गोड. प्रत्येकाची आपली वाटी, आपला खरपूस थर, कोण किती घेतं यावर नजर नाही. पण पुडिंगच्या इवल्या वाट्यांत जेवण होत नाही. ओव्हनमध्ये चालणाऱ्या, निदान पाचशे मिलीच्या वाट्या हव्यात, म्हणजे वर बोटभर जागा राहते आणि उकळून बाहेर येत नाही. आलं तरी खाली ट्रे असू द्या.

याचा खरा फायदा मात्र वेगळाच. एकाला तिखट लागतं आणि दुसऱ्याला नाही, एकाला मशरूम चालत नाहीत, किंवा एकजण सातला जेवतो आणि दुसरा साडेनऊला. अशा घरात दोन वाट्यांना तोड नाही. एक वाटी भाजायची, दुसरी कच्चीच झाकून फ्रिजमध्ये. ती नंतर थंडगार बाहेर निघते म्हणून दहाएक मिनिटं जास्त द्यायची. काचेची किंवा मातीची असेल तर आधी थोडा वेळ ओट्यावर ठेवून गारवा जाऊ द्यायचा.

तोटा असा की वाटीला कडाच फार. चहूबाजूंनी ताप लागतो आणि सॉस लवकर आटतो. पंधराव्या मिनिटापासून लक्ष ठेवावं लागतं. विसरभोळ्या माणसाने या वाटेला जाऊ नये. मी अनुभवाने सांगतेय.

पूर्ण माप आणि फ्रीझर

मेहनत एकदाच, जेवणं तीन. कागदावर हाच पर्याय सगळ्यात शहाणा वाटतो, आणि काही पदार्थांना तो खरंच शोभतो. टोमॅटोच्या सॉसमधला खिमा, शिजवलेले बीन्स, लोणी घालून घोटलेला बटाटा हे फ्रीझरमधून बऱ्यापैकी जसेच्या तसे परत येतात. उकडलेल्या बटाट्याच्या फोडी येत नाहीत, त्या रवाळ आणि पाणचट होतात. दूध-चीजचा सॉस फुटल्यासारखा दिसतो, ढवळल्यावर थोडाफार सावरतो. पास्ता मऊच्या पुढे जातो. म्हणजे ज्या मलईदार प्रकारासाठी मन कासावीस होतं, नेमका तोच फ्रीझरला मानवत नाही.

तरी करायचंच असेल तर भाजण्याआधी फ्रीझ करा आणि चुरा नंतर घाला. भांडं अडकून पडू नये म्हणून भरण्याआधी त्यात कडांवरून बाहेर येईल अशी फॉइल अंथरायची. मिश्रण पूर्ण निवू द्यायचं, पण बाहेर दोन तासांहून जास्त नाही. गोठल्यावर वीट उचलून घट्ट गुंडाळायची, वर तारीख लिहायची आणि भांडं मोकळं करायचं. दोन-तीन महिन्यांत संपवलेलं बरं. खायच्या आदल्या रात्री फॉइल काढून वीट त्याच भांड्यात परत बसवा आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. भाजताना मध्यभागी ७४ अंश सेल्सियस झाल्याशिवाय बाहेर काढू नका. काचेचं भांडं फ्रीझरमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये कधीही घालू नका. ते तडकतं, आणि मग कॅसरोल काचांसकट टाकून द्यावं लागतं.

नुसतं फ्रिजमध्ये ठेवायचं तर तीन-चार दिवस. पण दोघांनी सलग तिसऱ्या दिवशी तेच खायचं म्हटलं की माझ्या घरात शांतता पसरते.

ताप कुठला?

मोठा ओव्हन दोन माणसांसाठी तापवायचा जिवावर येतो, हे खरं आहे. एअर फ्रायर लवकर तापतो आणि वरचा थर देखणा करतो. मात्र पंखा वरूनच मारा करत असल्याने मध्य कोमट असतानाच चुरा काळा पडतो. पहिली दहा-बारा मिनिटं भांडं फॉइलने झाकायचं, फॉइल कडांखाली नीट दुमडायची (नाहीतर ती उडून वरच्या तापलेल्या कॉइलला चिकटते), आणि शेवटची पाच-सहा मिनिटं उघडं. थर तीन सेंटिमीटरच्या आतला असेल तर छान जमतं.

नुसता मायक्रोवेव्ह गरम करतो, लाल करत नाही. पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचं तापमान शंभरच्या फार पुढे जात नाही आणि खरपूसपणाला त्याहून बरंच जास्त लागतं. उपाय सोपा आहे: चुरा लोण्यावर तव्यात सोनेरी परतून घ्या आणि वाढताना वरून घाला. गॅसवर जाड बुडाच्या पॅनमध्ये झाकण ठेवून मंद आचेवर केलेल्या कॅसरोललाही हीच युक्ती. तिथे खरवड तळाला धरते, आणि मला विचाराल तर ती वरच्या थराहून कमी नाही.

आता मी नेहमी करते ते माप, लोफ पॅनसाठी. १२० ग्रॅम कोरडा आखूड पास्ता, पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा दोन मिनिटं कमी उकडलेला. १५० ग्रॅम मशरूम, पाणी सुटून आटेपर्यंत परतलेले, नाहीतर ते पाणी सॉसमध्ये उतरतं. मूठभर मटार. सॉसला २० ग्रॅम लोणी, दोन टेबलस्पून मैदा, ३०० मिली दूध. मैदा लोण्यात मिनिटभर परतायचा, दूध थोडं थोडं घालत गुठळ्या मोडायच्या आणि उकळी आल्यावर दोन-तीन मिनिटं ढवळत राहायचं. कच्च्या पिठाचा वास गेला आणि चमच्याच्या पाठीवर बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली की गॅस बंद. त्यानंतरच १०० ग्रॅम किसलेलं चीज. आचेवर घातलं तर तेल सुटतं आणि धागे होतात. चीज घरी किसलेलं असावं. पाकिटातला कीस एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च लावलेला असतो आणि सॉस खरखरीत लागतो. थोडी मोहरीची पेस्ट, मिरी, मीठ शेवटी चाखून. वर लोण्यात कालवलेला तीन टेबलस्पून ब्रेडचा चुरा.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावायचा नाही. सॉस तेवढ्यात आळतो. आधी चमचा घातला तर ताटभर पसरतो आणि जीभही भाजते. आमच्याकडे ही दहा मिनिटं भांडी घासण्यात जातात, म्हणजे माझी. तो कडेचा तुकडा राखत उभा असतो.