स्कॅनवरून आभासी कपडे बेतण्याचं सॉफ्टवेअर: आठ महिन्यांनंतर
घेतलं तेव्हा वाटलं होतं, शरीराचा त्रिमितीय स्कॅन आत टाकायचा, कपडा चढवायचा, झालं. प्रत्यक्षात कपड्यापेक्षा तिप्पट वेळ शरीर नीट करण्यात जातो.

बगल आणि मांड्यांमधली जागा स्कॅनरला दिसतच नाही. हात अंगापासून दूर धरून उभं राहिलं तरी तिथे भोकं पडतात, आणि मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, तर नेमका तिथेच बसतो! सुरुवातीला ती भोकं मी हातानं बुजवत बसायचे. मग स्कॅनवर तयार देह-साचा बसवायला शिकले. २०१५ साली आलेलं एसएमपीएल हे असंच मॉडेल, ६,८९० बिंदूंचं. बिंदू जोडून बनलेली अंगाची जाळी स्वच्छ मिळते, सांधे वळतात. पण मोजक्या आकड्यांत माणूस कोंबला की एका बाजूला उतरलेला खांदा सरळ होऊन जातो. म्हणजे ज्यासाठी स्कॅन केला, तेच गेलं. म्हणून साच्याचे बिंदू आता मी पुन्हा मूळ स्कॅनकडे ओढून घेते.

बेतणं मात्र झकास. कागदावर काढतो तसेच सपाट भाग काढायचे, कडेला कड जोडायची. माया, म्हणजे शिवणीसाठीचं जादा कापड, सोडावी लागत नाही (खरा कपडा शिवणार असाल तर शेवटी आठवणीनं द्या). उभा धागा फिरवून स्कर्ट उरेब (तिरका) केला की घेर कसा लवतो, हे कापडाला कात्री न लावता दिसतं.

माझा पहिला खरा शर्ट कंबरेत घट्ट झाला, पडद्यावर छान बसला होता तरी. कपडा अंगात घुसू नये म्हणून सॉफ्टवेअर त्वचेपासून ३ मिमी अंतर राखत होतं. त्रिज्येत ३ मिमी म्हणजे घेरात जवळपास १९ मिमी! पडद्यावरचा शर्ट त्या फुगलेल्या अंगावर ताणून बसला होता असं धरलं, तर खरा सैल व्हायला हवा होता. मग घट्ट का? कारण ते अंतर ओळखून मी आधीच्या मापात हातानं दोन सेंटीमीटर कापले होते, आणि सेटिंगमध्ये ते अंतर आधीच शून्यावर आणल्याचं विसरले होते. चूक माझीच, पण हे अंतर मेनूत इतकं खोल दडवायला नको होतं.

आभासी कापड ज्या बिंदूंचं बनतं, त्यांच्यामधलं अंतर कामापुरतं २० मिमी ठेवते, शेवटी ५. बिंदू सोळापट होतात, तेवढ्यात चहा होतो.

तंग कपड्यांसाठी अजून भरवसा नाही. आभासी अंग दगडासारखं. पट्टा मांसात रुतत नाही, कापड कुठे ताणलंय ते रंगांत दाखवणारा ताणाचा नकाशा उगाच लाल होतो. लेगिंग्ज मी अजून कापडावरच तपासते.