इलेक्ट्रिक गाडीचं कोटेशन : 'ऑन-रोड' आकड्यात काय काय घुसडलेलं असतं

महाराष्ट्रात पेट्रोल गाडीच्या एक्स-शोरूम किमतीवर ११ ते १३ टक्के वाहन कर बसतो. त्यामुळे पंधरा लाखांची गाडी रस्त्यावर येईपर्यंत सतरा-साडेसतराला जाते, हे गणित आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. इलेक्ट्रिक गाडीला हा कर माफ आहे. ही माफी राज्याच्या २०२१ च्या ई-वाहन धोरणात होती, २०२५ च्या धोरणातही आहे. म्हणजे कोटेशनमधली सगळ्यात मोठी ओळच गळते. डीलरकडे ती जागा रिकामी राहत नाही, आणि बहुतेक लोक फसतात ते तिथेच.

पंधरा लाखांच्या गाडीचं कोटेशन साधारण असं हातात येतं (आकडे नमुन्याचे, पण रचना हीच): टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा प्राप्तिकर) १५,०००, आरटीओ १८,५००, विमा ८२,०००, हँडलिंग व लॉजिस्टिक्स ११,८००, नंबर प्लेट व फास्टॅग २,५००, 'एसेन्शियल किट' २४,९९०, 'प्रोटेक्शन पॅकेज' १९,५००. एकूण १,७४,२९०, म्हणजे किमतीच्या साडेअकरा टक्क्यांहून थोडे जास्त. पेट्रोल गाडीची सवय असलेल्या माणसाला हा आकडा खटकतच नाही.

आरटीओच्या ओळीपासून सुरुवात करू. वाहन कर शून्य. बॅटरीवरच्या वाहनांना नोंदणी प्रमाणपत्राचं आणि नवीन नोंदणी क्रमांकाचं शुल्क केंद्राने २ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने माफ केलेलं आहे. कर्ज असेल तर बँकेचा बोजा चढवण्याचे १,५०० रुपये, स्मार्ट कार्डाचे २०० आणि टपालाचा किरकोळ खर्च. म्हणजे दोन हजारांच्या आसपास विषय संपतो. उरलेले सोळा हजार कुठे जातात, याचं उत्तर 'साहेब, एजंटचं असतं' एवढंच मिळतं. वाद घालू नका. सरकारच्या 'वाहन' या नोंदणी प्रणालीवर भरलेल्या शुल्काची पावती मागा आणि पावतीएवढेच पैसे देईन असं ईमेलवर कळवा. पसंतीचा क्रमांक घेतला असेल तर त्याचे पैसे वेगळे, तेही पावतीवर दिसतात. तीस लाखांवरच्या गाड्यांना ६ टक्के कर लागतो असं काही ठिकाणी अजून सांगतात. २०२५ च्या अर्थसंकल्पात तसा प्रस्ताव होता, आणि त्याच अधिवेशनात तो मागे घेतला गेला.

टीसीएस खरा आहे. दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का घेतला जातो आणि तो तुमच्या पॅनवर जमा होऊन विवरणपत्रात वजा मिळतो. गडबड होते ती पॅन चुकीचा टाकल्यामुळे किंवा डीलरने रक्कम उशिरा भरल्यामुळे. टीसीएसचं प्रमाणपत्र मागून घ्या आणि तिमाही संपल्यावर प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर नोंद दिसते का ते बघा. आणखी एक: कोटेशनवर लिहिलेली सवलत बीजकात उतरली नसेल तर टीसीएस जुन्याच किमतीवर कापला जातो आणि सवलत 'नंतर खात्यात येईल' या आश्वासनावर लटकते. सवलत बीजकात नसेल तर ती मिळाली असं समजू नका.

हँडलिंग चार्जेसना कसलाही आधार नाही. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीतच आलेला असतो. हीच ओळ आता लॉजिस्टिक्स, डेपो, फॅसिलिटेशन अशा नावांनी येते. एक नाव खोडलं की दुसरं उगवतं. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट उत्पादकानेच द्यायची आहे, तेव्हा तिचेही वेगळे पैसे नाहीत. खासगी इलेक्ट्रिक गाडीची पाटी हिरवी आणि अक्षरं पांढरी, एवढं ताब्याच्या वेळी बघा. फास्टॅग मात्र नीट तपासा. तो चॅसिस क्रमांकावर काढलेला असतो आणि नोंदणी क्रमांक ९० दिवसांत त्याला जोडावा लागतो. डीलरला याची आठवण राहत नाही. अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आहे. अर्धवट नोंदीच्या टॅगवर तिथेही पैसे कापले जाऊ शकतात.

खरी मलई विम्यात आहे, म्हणून इथे जरा थांबू. नवीन गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं, कंपनी नाही. जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात इलेक्ट्रिक गाडीला १५ टक्के सूट धरून तीन वर्षांचे दर असे: मोटर ३० किलोवॅटपर्यंत ५,५४३, ३० ते ६५ किलोवॅट ९,०४४, त्यावर २०,९०७ रुपये, अधिक जीएसटी. हा आकडा मोटरच्या ताकदीवर ठरतो, बॅटरीच्या किलोवॅट-तासांवर नाही. कोटेशनमध्ये चुकीचा गट धरलेला असणं अगदीच दुर्मीळ नाही. बाकीची रक्कम म्हणजे स्वतःच्या नुकसानीचा विमा आणि त्यावरची जोडकवचं. ती एक वर्षाचीच घेतली तरी चालतात, आणि कुठूनही घेता येतात. 'बाहेरचा विमा घेतला तर आमच्याकडे कॅशलेस होणार नाही' ही धमकी बहुतेक वेळा पोकळ असते, कारण कॅशलेस त्या विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे का यावर अवलंबून असतं. विमा कंपनीच्या यादीत वर्कशॉपचं नाव आहे का ते बघितलं की उत्तर मिळतं. जुनी गाडी विकत असाल तर तिचा नो क्लेम बोनस नव्या गाडीवर आणता येतो. पाच वर्षं दावा नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत असतो, आणि डीलरच्या काउंटरवर त्याचा उच्चार कोणी करत नाही. दुसऱ्या बाजूने, बाहेरचा दर दाखवल्यावर डीलर अचानक खाली उतरला तर आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, तपासा. नव्या गाडीची ती एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असायला हवी. ती कमी करून हप्ता स्वस्त दाखवतात. बॅटरीत पाणी शिरणं आणि घरचा चार्जर या दोन गोष्टी पॉलिसीत लेखी आहेत का, तेही बघा. मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात हे कवच नसलेली पॉलिसी स्वस्तातही महाग पडते.

किट आणि पॅकेज म्हणजे मॅट, मडफ्लॅप, बॉडी कव्हर, कोटिंग. घ्यायचं तर घ्या, सक्ती नाही. 'किट घेतलं तर डिलिव्हरी लवकर' असं म्हटलं तर गाडी आधीच यार्डात उभी आहे असं खुशाल समजा.

सबसिडीच्या नावाने होणारी दिशाभूल वेगळ्या जातीची. 'केंद्राची सबसिडी वजा करूनच ही किंमत आहे' हे वाक्य खासगी मोटारीच्या बाबतीत खोटं आहे. फेम-२ योजनेत (१ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२४) खासगी मोटारी नव्हत्या, आणि ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पीएम ई-ड्राइव्हमध्येही नाहीत. राज्याच्या २०२१ च्या धोरणात पहिल्या १०,००० मोटारींपुरतं प्रोत्साहन होतं. कर्जाच्या व्याजावर दीड लाखांपर्यंत प्राप्तिकर सूट मिळते हेही अजून सांगितलं जातं. ती प्राप्तिकर कायद्याच्या ८०ईईबी कलमाखालची सूट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. दुचाकीत तर सबसिडीसाठीच्या किमतीच्या मर्यादेत बसण्यासाठी चार्जरचे पैसे वेगळे लावले गेले होते. २०२३ मध्ये सरकारने कान पिळल्यावर ओला, एथर, टीव्हीएस आणि हीरो मोटोकॉर्प यांनी ते ग्राहकांना परत करायचं कबूल केलं. चार्जर किमतीत आहे की वेगळा, हा प्रश्न म्हणूनच आजही पहिल्या दिवशी विचारावा.

आता गाडीकडे. इलेक्ट्रिक मॉडेल पटापट बदलतात, त्यामुळे डीलरकडे जुना साठा अडकतो आणि तो नवा म्हणून खपवला जातो. १७ अंकी चॅसिस क्रमांकातलं दहावं अक्षर वर्ष सांगतं: 'आर' म्हणजे २०२४, 'एस' २०२५, 'टी' २०२६. फॉर्म २१ या विक्री प्रमाणपत्रावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष दाखवतात. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. महिनोन्महिने उभ्या गाडीत सगळ्यात आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी मरते. ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. गाडी बंद असताना तिच्यावर साडेबारा व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. मोठी बॅटरी पूर्ण उतरून तशीच पडून राहिली असेल तर ते वरून कळत नाही, म्हणून सर्व्हिस विभागाकडून बॅटरीच्या आरोग्याचा छापील अहवाल मागा.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी यार्डात जाऊन त्याच चॅसिस क्रमांकाच्या गाडीची तपासणी, मग उरलेले पैसे, मग विमा, मग नोंदणी. डीलरला हे उलट हवं असतं, कारण नोंदणी झालेली गाडी नाकारणं फार अवघड जातं. तपासणीत एसी (घरचं, हळू) आणि डीसी (रस्त्यावरचं, जलद) दोन्ही चार्जिंग लावून बघा. शोरूमवाले एसीच दाखवतात, आणि डीसीतला दोष पहिल्यांदा कळतो तो खोपोलीच्या पुढे. बॅटरी २० ते ५० टक्क्यांच्या मध्ये असताना डीसी लावली तरच खरा वेग कळतो. ८० च्या वर तो कमी होतोच. ओडोमीटर शंभरच्या वर असेल आणि मोबाइल ॲप आधीच कुणाच्या तरी नंबराला जोडलेलं निघालं तर ती डेमो गाडी असण्याची शक्यता दाट. पोर्टेबल चार्जर आणि पंक्चर किट डिकीत आहे का ते डोळ्यांनी बघा.

'मोफत होम चार्जर'मध्ये मोफत असते ती ठरावीक लांबीची वायर. पार्किंगची जागा वीजमीटरपासून लांब असेल तर पुढच्या वायरीचं बिल दर मीटर लांबीमागे येतं. ७.२ किलोवॅटच्या चार्जरला ३२ अँपिअर लागतात. म्हणजे स्वतंत्र सर्किट, किमान ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ३० मिलिअँपिअरचं गळती-संरक्षण आणि चांगलं अर्थिंग. घराचा मंजूर भार तीन-चार किलोवॅट असेल तर आधी तो वाढवून घ्यावा लागतो. हा खर्च कोटेशनमध्ये कधीच नसतो. चार्जर बसवायला सोसायटीच्या परवानगीचं पत्र बुकिंगआधी मिळवा. ते न मिळाल्याच्या कारणावरून बुकिंगची रक्कम परत देताना डीलर खळखळ करतात.

बॅटरी भाड्याची योजना घेणार असाल तर जाहिरातीतल्या किमतीपेक्षा किमान किलोमीटरची अट वाचा. एमजी विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये ९.९९ लाख अधिक किलोमीटरला साडेतीन रुपये अशी आली. महिन्याला १,५०० किलोमीटरचं भाडं धरलं तर ५,२५० रुपये होतात. किमान मर्यादेची अट असेल तर गाडी दारात उभी असली तरी ते द्यावे लागतात, आणि विजेचं बिल वेगळं. 'आजीवन' वॉरंटी बहुधा पहिल्या मालकापुरती असते.

पैसे फक्त डीलरशिपच्या चालू खात्यात भरा. सेल्समनच्या वैयक्तिक यूपीआयवर दिलेली बुकिंगची रक्कम तो नोकरी सोडून गेला की कोणाच्याच हिशेबात सापडत नाही. एक्स्चेंजमध्ये जुनी गाडी देताना फॉर्म २९ आणि ३० या मालकी बदलाच्या अर्जांवर कोऱ्या सह्या करू नका. तारीख आणि वेळेसह ताबापावती घ्या. नाव बदलेपर्यंत त्या गाडीची चलनं तुमच्याच नावावर येत राहतात.

फसलाच असाल तर आधी डीलर आणि उत्पादक दोघांना ईमेल, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. विम्याची सक्ती झाली असेल तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा'वर वेगळी तक्रार. त्यानेही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: ५० लाखांपर्यंतची खरेदी तिथे चालते, १० ते २० लाखांच्या गाडीला शुल्क ४०० रुपये, मुदत दोन वर्षं. सोबत कोटेशन, बीजक, 'वाहन'ची पावती आणि विम्याची पॉलिसी जोडायची. यातलं कोटेशनच नेमकं लोकांकडे नसतं, कारण ते सेल्समनच्या टॅबवर दाखवलेलं असतं. पहिल्या भेटीतच ते शिक्क्यासह कागदावर किंवा कंपनीच्या ईमेलवरून मागून घ्या.